साळवेमामांचा दोर

नोकरीत माझ्या हाताखाली पहिल्यांदा जो माणूस आला तो माझ्याहून तीस वर्षांनी मोठा होता. प्रत्यक्षात मीच त्याच्या हाताखाली होतो, पण हे कळायला मला दोन वर्षं लागली. मला कुठलीही गोष्ट कळायला साधारण तेवढीच लागतात.

पैठणच्या धरणाच्या पाण्यात, काठापासून आत, एक विहीर उभी आहे. विहीर म्हटलं की जमिनीत खोल गेलेली डोळ्यांसमोर येते; ही उलट पाण्यातून वर आलेली. काठावरून तिच्यापर्यंत लोखंडी पूल. तिच्या अंगाला एकाखाली एक अशी तीन गेटं. धरणाचं पाणी या गेटांतून विहिरीत शिरतं, वरचे पंप ते उपसतात आणि तिथून ते पाइपातून छत्रपती संभाजीनगरला जातं. धरण भरलेलं असलं की वरचं गेट उघडायचं, पातळी उतरली की मधलं, अगदीच उतरली की खालचं. का, तर अगदी वरच्या थराला शेवाळ असतं आणि तळाशी गाळ. हे मी कॉलेजात चार वर्षं शिकलो होतो, आकृतीसकट. साळवेमामा तेच एका दमात सांगायचे, "साय बी नको, खरवड बी नको. मधलं दूध घ्यायचं."

किसन साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे सोयगावकडचे, घर शहरातल्या एका वसाहतीत, आणि आयुष्य या विहिरीवर. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा खाकी शर्ट आणि खिशाला तीन पेनं. ती तीन पेनं मी कधीच चालताना पाहिली नाहीत. रजिस्टर नेहमी वॉचमन गफूरभाई भरायचे आणि मामा खाली सही ठोकायचे. मला वाटायचं, अनुभवी माणसाचा रुबाब असतो, तो स्वतः कशाला लिहील?

नवा साहेब कसा आहे हे मामा पुलावरून ओळखायचे. एका हातानं कठडा धरणारा बरा, अजिबात न धरणारा आगाऊ. मी पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी धरला होता आणि फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी बघत, मनातल्या मनात देवाचं नाव घेत गेलो होतो. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला पोहता येत नाही ही गोष्ट मी अर्जात लिहिली नव्हती. मामा पलीकडे उभे होते. मी पोहोचल्यावर म्हणाले, "तुमी टिकाल साहेब."

"का हो?"

"परत जायाची हिंमत नाय व्हायची तुमची."

रोज सकाळी मामांचा एक विधी असे. विहिरीच्या कठड्याशी उभं राहून ते एक दोर पाण्यात सोडायचे. टोकाला लोखंडाचा गोळा, दर हातावर गाठ, दर पाच गाठींना चिंधी. गोळा तळाला टेकला की दोर वर ओढायचा आणि भिजलेल्या गाठी बोटांनी मोजायच्या. मोजताना मान वर, नजर पार पलीकडच्या काठावर, ओठ पुटपुटत. मग एक पेला पाणी काढून ते हुंगायचे आणि गेट बदलायचं की नाही ते सांगायचे. विहिरीच्या भिंतीवर पातळी दाखवणारी रंगवलेली पट्टी होती, तिच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. तेवढ्यात पुलाच्या मधोमध उभे राहून गफूरभाई मोठ्यानं एक आकडा ओरडायचे आणि मामा मान डोलवायचे. मला वाटे, हे दोघं मटक्याचा आकडा बोलतात. मी मोठ्या मनानं दुर्लक्ष करायचो.

दोर बघून मात्र मी भारावलो. शहरात वाढलेल्या माणसाला गाठ मारलेला दोर दिसला की त्यात लगेच परंपरा दिसते. मी वर्षभराच्या नोंदी जमवल्या, तक्ते काढले, आणि ‘जलपातळी मोजण्याचे पारंपरिक ज्ञान’ असा एक जाडजूड अहवाल खात्यात सादर केला. त्यात साळवेमामांच्या बोटांना ‘जिवंत उपकरण’ म्हटलं होतं. दोराची खोली आणि पट्टीवरून नकाशाप्रमाणे निघणारी खोली यांत थोडा फरक यायचा. दर महिन्याला जरा जास्तच. तो मी ‘मानवी चूक’ असं नाव देऊन वजा करून टाकला होता. मग दोन्ही रेषा इतक्या सुरेख जुळल्या की मलाच माझं कौतुक वाटलं.

अहवालावर खूश होऊन शहरातून पाहुणे आले, बडे साहेबही आले. मी मामांना मधोमध उभं केलं. एक पाहुणे हौसेनं म्हणाले, "मामा, त्या समोरच्या पट्टीवर आत्ता आकडा किती आहे हो?"

मामांनी पट्टीच्या दिशेनं पाहिलं. गफूरभाई नेमके चहा आणायला गेले होते. मग मामा म्हणाले, "पट्टी वरवरचं सांगती साहेब. पोटातलं ईचारायचं तर दोर सोडाय लागतो." आणि त्यांनी दोर सोडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी. बडे साहेब तेवढे दुसरीकडे बघत होते.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी माझा निळा रेनकोट पंपाच्या खोलीत खुंटीला अडकवून पुलावर गेलो होतो. परत आलो तर आतून मामांचा आवाज. "या साहेब, उभं काहून? बसा की. च्या सांगतो." मी दाराबाहेर थबकलो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मामा माझ्या रेनकोटाशी बोलत होते. रेनकोट बसेना, तसे ते म्हणाले, "राग आला का काय? कालचं मनावर घ्यायचं नाय. आमचं तोंडच वंगाळ."

काल ते मला इतरांसमोर बिनकामाचा म्हणाले होते. माझ्याशी ते इतक्या अदबीनं कधी बोलले नव्हते, आणि मोठेपणानं गप्प राहणं मला तरी त्या रेनकोटाइतकं जमलं नसतं. मी पाच पावलं मागे गेलो, बूट वाजवले, खोकलो आणि आत शिरलो. मामांनी आवाजाकडे मान वळवली, मग खुंटीकडे, मग परत माझ्याकडे. त्यांचा चेहरा पडला. आता कोणीच खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"किती दिसतं मामा?" मी विचारलं.

"उजेड दिसतो. माणूस हालला की कळतंय, न्हाई हालला तर नाय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गफूरभाई पुलावरून जो आकडा ओरडायचे तो मटक्याचा नव्हता, पट्टीचा होता. तीन पेनं शोभेची होती. आणि माझं ते परंपरागत ज्ञान म्हणजे, एका माणसाला दिसत नव्हतं म्हणून त्यानं हातात धरलेला दोर होता.

"ऑपरेशन करून घ्या की. साधं असतं आता."

"रजा टाकली की दाखला मागत्यात. डोळ्याचा दाखला कागदावर आला की विहिरीवर नाय ठेवायचे. शहरातल्या हापिसात स्टुलावर बसवतील, घंटी वाजली की उठायचं. धा महिनं ऱ्हायलं साहेब. इथनंच जाऊ द्या."

मी म्हणालो, स्टुलावर निदान आराम तरी असतो. त्यावर मामांनी खिशातली पेनं चाचपली. मग म्हणाले, "आमच्या आज्याला गावच्या आडावर पाय ठेवू देत नव्हते. वंजळ पुढं करून लांब उभं ऱ्हायचं, कोण वाढंल त्याची वाट बघत. आज सगळ्या शहराला मी पाणी पाजतोय. कोण कुणाचं, ते पाणी ईचारत नाय. तवा डोळ्यात तेल घालून बसलोय इथं. डोळंच गेलं, त्याला काय करू?"

माझाही आजा अशाच एका गावातला, जमीनजुमल्याचा. तो त्या आडाच्या कुठल्या बाजूला उभा असणार हे मला सांगायची गरज नव्हती. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर मी जे नेहमी करतो तेच केलं. आलेला चहा मुकाट्यानं प्यालो.

मी कोणाला सांगितलं नाही. यात माझा मोठेपणा किती आणि भीती किती, हे आता कबूल करायला हरकत नाही. ‘जिवंत उपकरणा’ला दिसत नाही हे बाहेर आलं असतं, तर खात्यात माझ्या अहवालाचं वाचन सणासुदीला झालं असतं. म्हणून मी गुपिताचा राखणदार झालो. मामांसमोर उगाचच मोठ्यानं वाचू लागलो. "अरे वा, प्रेशर आज अमुक आहे!" "बघा तर, डावीकडून बडे साहेबच येताहेत!" मामा निमूटपणे ऐकायचे. गफूरभाई तोंडाला रुमाल लावून पुलावर निघून जायचे. त्यांना खोकला झालाय असं मला वाटायचं.

उन्हाळा आला आणि पाणी झपाट्यानं उतरलं. मधलं गेट उघडं पडायच्या बेतात होतं, म्हणजे आता खालचं उघडायचं. मी नकाशा पसरला. खालच्या गेटाच्या उंबऱ्याखाली तळ अजून पाच हात खोल होता, नकाशाप्रमाणे. मी तोंडी आदेश दिला.

मामांनी गेटासमोर दोर सोडला, वर ओढला, गाठी मोजल्या. पुन्हा सोडला. मग म्हणाले, "नाय उघडायचं."

"का?"

"गाळ उंबऱ्याला टेकलाय. गोळा रुतला, दगडावर वाजला नाय. दोन पंप बंद ठेवा, मधल्यावर चालवू थोडं थोडं. पाणबुडे बोलवा, गाळ काढू द्या. मग उघडू."

दोन पंप बंद म्हणजे शहरात बोंब. पाणबुडे म्हणजे मंजुरी, मंजुरी म्हणजे फायली. आणि समोर कोण सांगतंय, तर ज्याला माणूस आणि रेनकोट यांतला फरक कळत नाही तो. हे मी बोललो नाही, पण चेहऱ्यावर असणार. चेहरा त्यांना दिसत नव्हता एवढंच. मी म्हणालो, "मामा, नकाशा आहे माझ्याकडे."

"नकाशा धरण बांधायच्या येळंचा हाय साहेब. त्याच्यावर किती पूर येऊन गेलं."

"मी सांगतोय, उघडा."

त्यांनी दोराची गुंडाळी केली, शांतपणे चाकाशी गेले आणि गेट उघडायला लागले. चाकाचे फेरे ते मोजत होते, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. बारावा फेरा झाला आणि ते थांबले. "ऐका," म्हणाले. मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं आलं. पंप कण्हायला लागला होता. विहिरीतलं पाणी तळातून वर चहासारखं होत चाललं होतं.

"बंद करू?" मामांनी विचारलं. आदेश माझा होता म्हणून ते माझ्या तोंडून ऐकेपर्यंत थांबले होते. मी कसाबसा हो म्हणालो.

सगळे पंप बंद करावे लागले. त्या दिवशी पाणी गेलंच नाही. ज्या वसाहतींची पाण्याची पाळी होती त्यांची पाळी चुकली, आणि आमच्या शहरात पाळी चुकणं काय असतं हे तिथं राहणाऱ्याला सांगायला नको. घरातला प्रत्येक तांब्या आठवडाभर त्या दिवसाची वाट बघत असतो. पंपाच्या जाळीत अडकलेला गाळ मामा दोन्ही हातांनी काढत बसले. मी शेजारी बसून तेच केलं. या खात्यात मी केलेलं ते पहिलं उपयोगाचं काम असावं.

चौकशीला बडे साहेब येणार होते. रजिस्टरात गेट उघडल्याच्या नोंदीखाली सही मामांची होती. ते अडकले असते तर तपासणी झाली असती, तपासणीत डोळे निघाले असते, आणि निवृत्तीला तीन महिने उरलेले. मी सकाळीच मामांना एक जबाब तोंडपाठ करून दिला. साहेब विचारतील तेव्हा कागद हातात धरायचा आणि वाचल्यासारखं म्हणायचं, एवढंच.

साहेब आले. विचारलं, "खालचं गेट उघडायचा निर्णय कोणाचा?"

‘परिस्थितीनुसार गेट उघडण्यात आले’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात मामांकडे लक्ष गेलं. ते अटेन्शनमध्ये उभे होते, साहेबांच्या जरा डावीकडे बघत. तिथं फक्त खांब होता. मी म्हणालो, "माझा, साहेब. मामांनी नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मामा हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "खरं बोलला. आता नाय टिकत हा."

मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि खणखणीत आवाजात जबाब वाचला. एक शब्द चुकला नाही. पानाच्या शेवटी असतं तसं ते थांबलेसुद्धा. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं, पुढे झाले आणि त्यांच्या हातातला कागद उलटा होता तो सुलटा करून दिला.

"छान वाचलंत," ते म्हणाले. "आता आधी डोळे करून घ्या मामा. अर्जावर ‘घरगुती कारण’ लिहा. विहीर कुठं जात नाही, तुमची जागाही नाही."

मी तोंड वासून बघत राहिलो. "साहेब, म्हणजे तुम्हाला..."

गफूरभाईंनी मागून खुलासा केला. "पूरे खाते को मालूम था साब. बस आपकोच नै मालूम था."

साहेब निघताना पुलावर माझ्यासाठी थांबले. "त्यांच्या दोरावर मी इथं कितीतरी उन्हाळे काढले. पट्टी फक्त पाणी कुठवर आहे ते सांगते. तळ कुठवर आलाय ते दोर सांगतो. दोन्हींतला फरक म्हणजे गाळ." मग माझा तो जाडजूड अहवाल आठवून म्हणाले, "पण एक आहे. त्यातली ‘मानवी चूक’ तुम्ही अगदी बरोबर पकडली होती." मेमो त्यांनी नंतर पाठवला. तो मला या वाक्यापेक्षा सौम्य वाटला.

मामांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर ते विहिरीवर आले, माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "मला वाटलं जरा उंच असाल." शेवटचे दिवस त्यांनी भिंतीवरचा आकडा स्वतः वाचला, तिन्ही पेनांनी आळीपाळीनं रजिस्टर भरलं, आणि दोर रोज सोडला तो सोडलाच. निवृत्तीच्या दिवशी जाताना तो दोरही बरोबर नेला. कोणी अडवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मला त्या दोराची गरज पडली. आम्ही नवा केला होता, पण गाठी सरकत होत्या. गाठ कशी मारायची ते विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेलो, हेही सांगायला हवं. गल्लीच्या तोंडाशी मला गफूरभाईंनी कधीतरी सांगितलेलं आठवलं: माझ्या हट्टापायी ज्या दिवशी पंप बंद पडले, त्या दिवशी पाळी याच गल्लीची होती. मामी सकाळपासून नळाशी बसून होत्या. मामांनी मला ते कधी कळू दिलं नव्हतं.

दार उघडंच होतं. अंगणात जमिनीतल्या हौदाचं झाकण बाजूला सारून मामा बसले होते, डोळ्यांवर जाड चष्मा. हातात तोच दोर, तशाच चिंध्या. त्यांनी तो आत सोडला, वर ओढला आणि भिजलेली गाठ बोटांनी चाचपली. नजर मात्र सवयीनं पलीकडे, शेजारच्या भिंतीवर.

"दीड गाठ," त्यांनी घरात आवाज दिला. "चार दिस तरी काढायचं." मग मला पाहून, "या साहेब! बसा. आज बसताय ना? का रेनकोटासारखं करताय?"

मी बसलो. ते म्हणाले, "बरं झालं आलात. तुमालाच ईचारायचं होतं. आमच्याकडं पाणी कवा सोडत्यात?"

मी मोबाइल काढला. त्यात धरणाची पातळी होती, पंपांचा दाब होता, कोणतं गेट उघडं आहे तेही होतं. फक्त त्यांच्या गल्लीचा पाण्याचा वार त्यात नव्हता. मी म्हणालो, "टँकर पाठवू का मामा? एक फोन केला तर..."

"गल्लीत सगळ्याला पाठवता का?"

मी मोबाइल खिशात ठेवला.

"मग ऱ्हाऊ द्या. पाळीनं येऊ द्या."

मामींनी आतून तांब्या-पेला दिला. मामांनी हौदातून पाणी काढलं, पेला काठोकाठ भरला आणि माझ्या हातात देण्याआधी नाकाशी धरून हुंगला. मी पेला घेतला, पण तो तोंडाला लावायला हात उठेना. माझ्या एका हट्टानं त्यांचा एक अख्खा वार बुडाला होता, आणि पेला केवढा मोठा होता.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्यांना दिसत होतं. ते हौदावर वाकले, दोर पुन्हा आत सोडला, वर ओढला आणि सावकाश बोटांनी चाचपला.

"प्या निवांत," ते म्हणाले. "दीडची दीडच हाय अजून."